अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष एकटा किती काय करू शकतो? (आणि व्हाइस प्रेसिडेंट नेमका कशासाठी असतो?)

ट्रम्प तात्या दुसऱ्यांदा व्हाइट हाऊसमध्ये आल्यापासून दर दोन दिवसांनी एक फोटो येतोच, जाड काळ्या पेनाने सही केलेली फाईल कॅमेऱ्याकडे फिरवून दाखवतायत. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतातून जाणाऱ्या मालावर आधी २५ टक्के आणि मग रशियन तेलाच्या नावाखाली आणखी २५ टक्के टॅरिफ लागला, अंधेरीच्या सीप्झमधले दागिनेवाले हबकले. सप्टेंबरमध्ये नव्या एच-वन-बी व्हिसासाठी एक लाख डॉलर फीची घोषणा झाली आणि सुट्टीवर आलेली पोरं घाईघाईत तिकिटं काढून परत पळाली, नंतर कळलं की जुन्या व्हिसावाल्यांना ते लागूच नाही. मग सगळ्या ग्रुपवर एकच प्रश्न, की अरे हा एकटा माणूस हे सगळं करू कसं शकतो, तिकडे संसद वगैरे काही आहे की नाही?

आहे, आणि बऱ्यापैकी दांडगी आहे. झालंय असं की संविधानाने राष्ट्राध्यक्षाला स्वतःचे असे अधिकार बेताचेच दिलेत, पण त्या संसदेनेच गेल्या शंभरेक वर्षांत आपले अधिकार त्याला उसने देऊन ठेवलेत, आणि उसनं दिलेलं परत मिळवणं किती कठीण असतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. हे एकदा डोक्यात बसलं की अमेरिकेच्या अर्ध्या बातम्या आपोआप समजायला लागतात.

आधी मांडणी बघू

आपल्याकडे पंतप्रधान लोकसभेतल्या बहुमतावर उभा असतो, बहुमत गेलं की खुर्ची गेली. तिकडे तसं नाही. राष्ट्राध्यक्ष वेगळ्या निवडणुकीने चार वर्षांसाठी येतो, आणि त्यांची संसद, जिला काँग्रेस म्हणतात (आपली काँग्रेस नव्हे), ती वेगळी निवडून येते. काँग्रेसची दोन सभागृहं, ४३५ जणांचं हाऊस आणि १०० जणांचं सिनेट. राष्ट्राध्यक्ष यातल्या कशाचाच सदस्य नसतो, त्याचे मंत्री पण नसतात, कुणी खासदार मंत्री झाला तर त्याला खासदारकी सोडावी लागते. अविश्वास ठराव ही भानगडच नाही. म्हणजे अख्खी काँग्रेस विरोधकांच्या हातात असली तरी राष्ट्राध्यक्ष आरामात चार वर्षं काढतो. आपल्याकडे राष्ट्रपती भवनातलं मानाचं काम आणि पंतप्रधानांचं कारभाराचं काम दोन माणसांत वाटलंय, तिकडे दोन्ही एकाच्याच गळ्यात.

संविधान लिहिलं गेलं १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला. लिहिणारे नुकतेच इंग्लंडच्या राजाशी लढून मोकळे झालेले, त्यामुळे नवा राजा कुणालाच नको होता. पण त्याआधीची काही वर्षं त्यांनी राष्ट्राध्यक्षाशिवायचं, नुसत्या काँग्रेसचं केंद्र सरकार चालवून बघितलेलं, त्याला साधा कर गोळा करता येत नव्हता, त्यामुळे एकदमच बिनकण्याचा कारभारही परवडणारा नव्हता. मग मधला रस्ता काढला. पहिलं कलम काँग्रेसचं, सगळ्यात लांबलचक, कर, पैसा, युद्धाची घोषणा, परदेशाशी व्यापार सगळं त्यात. दुसरं कलम राष्ट्राध्यक्षाचं, पहिल्याच्या निम्म्याहूनही छोटं, आणि त्यातही बराचसा भाग त्याला निवडायचं कसं यातच गेलाय.

आपली हाउसिंग सोसायटी डोळ्यासमोर आणा. चेअरमन वॉचमन नेमतो, टँकर मागवतो, लिफ्टवाल्याला फोन करतो, पण मेंटेनन्स वाढवायचा असेल तर जनरल बॉडीत ठराव लागतो. आता मीटिंगला कंटाळलेल्या लोकांनी एक दिवस ठराव केला की "इमर्जन्सी असेल तर चेअरमनने काय ते बघून घ्यावं", आणि इमर्जन्सी कशाला म्हणायचं ते लिहिलंच नाही. पुढे काय होणार ते सांगायची गरज आहे का?

स्वतःचे, कुणाच्या बापाला न विचारता वापरायचे अधिकार

यातला सगळ्यात मोकळा अधिकार म्हणजे माफी. आपले राष्ट्रपती दयेच्या अर्जावर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निर्णय घेतात, तिकडे राष्ट्राध्यक्ष एकटा घेतो, कारण द्यावं लागत नाही, काँग्रेस रोखू शकत नाही. फोर्डने १९७४ मध्ये आपल्या आधीच्या राष्ट्राध्यक्षाला, म्हणजे निक्सनला, खटला उभा राहायच्या आधीच माफ करून टाकलं. बायडनने डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच्या मुलाला माफी दिली, त्याआधी देणार नाही देणार नाही म्हणत होते. ट्रम्पने तर शपथ घेतली त्याच दिवशी ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटॉल (काँग्रेसची इमारत) दंग्यातल्या सुमारे पंधराशे लोकांना मोकळं केलं. मर्यादा दोनच, महाभियोगाला माफी नाही, आणि गुन्हा केंद्राच्या कायद्याखालचा पाहिजे. राज्याच्या कायद्याखाली शिक्षा झाली असेल तर राष्ट्राध्यक्षाचे हात बांधलेले. म्हणूनच मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात ३४ आरोपांवर दोषी ठरलेले ट्रम्प त्या प्रकरणात स्वतःला माफी देण्याचा विषयसुद्धा काढू शकत नाहीत.

दुसरा व्हेटो, म्हणजे काँग्रेसने मंजूर केलेलं बिल परत पाठवायचा अधिकार. बिल आलं की रविवार सोडून दहा दिवस असतात. परत पाठवलं तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं जमवून काँग्रेस ते त्याच्या नाकावर टिच्चून कायदा करू शकते, पण तेवढी मतं जमत नाहीत. ट्रम्पच्या पहिल्या चार वर्षांत दहा व्हेटो झाले, काँग्रेसला उलटवता आला फक्त एक. बायडनचे तेरा, एकही उलटला नाही. हा व्हेटो लक्षात ठेवा, पुढे खरी गंमत त्याच्यामुळेच आहे.

बाकी तो सैन्याचा सरसेनापती असतो, परदेशी राजदूतांना तोच मान्यता देतो. न्यायाधीश, मंत्री, राजदूत नेमतो पण सिनेटची मंजुरी लागते, तह करतो पण सिनेटमधल्या हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागते. पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह विल्सनने स्वतः युरोपात महिनोन्महिने बसून घडवला आणि घरी आल्यावर सिनेटने तो पाडला, अमेरिका राष्ट्रसंघात (तेव्हाची लीग ऑफ नेशन्स, आताचं यूएन नव्हे) गेलीच नाही. तेव्हापासूनचा धडा घेऊन हल्लीचे राष्ट्राध्यक्ष बरेच करार "तह" न म्हणता आपल्या पातळीवरच करून टाकतात, पॅरिस हवामान करार ओबामांनी तसाच केला आणि म्हणूनच पुढच्या माणसाला, म्हणजे ट्रम्पना, तो एका सहीने सोडता आला.

आणि कर्तव्य? शपथेत संविधानाचं रक्षण करीन असं आहे, आणि कलमात एक वाक्य आहे की कायद्यांची इमानदारीने अंमलबजावणी होते की नाही हे त्याने बघायचं. कायदे त्याने करायचे नाहीत, केलेले राबवायचे. वाक्य छोटंसं आहे, पण निम्मी कोर्टबाजी त्याच्यावरूनच चालते.

मग टॅरिफ आणि व्हिसा फी कुठून आली?

त्या फोटोतल्या फायलींना एक्झिक्युटिव्ह ऑर्डर म्हणतात (घोषणापत्रं वेगळी, पण आपल्याला तेवढ्या खोलात जायचं नाही). हा शब्द संविधानात कुठेच नाही. ऑर्डर म्हणजे वरिष्ठाने आपल्या खात्यांना दिलेला हुकूम, आणि त्याच्यामागे एकतर संविधानातलं कलम पाहिजे नाहीतर काँग्रेसचा कायदा पाहिजे, दोन्ही नसेल तर तो कागदच.

याचा कडक धडा मिळाला ट्रुमनना. १९५२, कोरियात युद्ध चालू, पोलाद कामगार संपावर जायच्या तयारीत. ट्रुमन म्हणाले पोलाद नाही तर दारूगोळा नाही, मी सरसेनापती आहे, आणि देशातल्या पोलाद गिरण्या सरकारच्या ताब्यात घेतल्या. दोनच महिन्यांत सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की खाजगी गिरण्या ताब्यात घ्यायचा अधिकार ना संविधानाने दिलाय ना काँग्रेसने, परत करा. ट्रुमननी निमूट परत केल्या. त्याच निकालात न्यायमूर्ती जॅक्सन यांनी जी मांडणी केली ती आजही वापरतात, की काँग्रेस सोबत असेल तेव्हा राष्ट्राध्यक्ष सगळ्यात ताकदवान, काँग्रेस गप्प असेल तेव्हा धूसर, आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध जात असेल तेव्हा सगळ्यात कमजोर.

आता टॅरिफ. आयात कर लावायचा अधिकार संविधानाच्या पहिल्या कलमात आहे, म्हणजे सरळसरळ काँग्रेसचा. पण काँग्रेसने तो वेगवेगळ्या कायद्यांतून थोडा थोडा राष्ट्राध्यक्षाकडे सोपवलाय. १९६२ चा एक कायदा राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने टॅरिफ लावू देतो, १९७४ चा दुसऱ्या देशाने व्यापारात अन्याय केला तर, पण दोन्हींत आधी चौकशी, रिपोर्ट वगैरे वेळखाऊ पायऱ्या आहेत. ट्रम्पने २०२५ मध्ये भारतासकट सगळ्या जगावर जे टॅरिफ लावले ते १९७७ च्या आणीबाणी आर्थिक अधिकार कायद्याखाली, कारण तिथे आणीबाणी जाहीर केली की काम सुरू. अडचण अशी की त्या कायद्यात आयातीचं "नियमन" करा असं म्हटलंय, टॅरिफ हा शब्दच नाही. २०२५ मध्येच आधी व्यापार कोर्टाने आणि मग अपील कोर्टाने म्हटलं की यातून एवढा मोठा अधिकार निघत नाही, आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. भांडण टॅरिफ चांगला की वाईट यावर नव्हतंच, काँग्रेसने नक्की किती उसनं दिलंय यावर होतं.

व्हिसा फीचं पण तेच. इमिग्रेशन कायद्यात काँग्रेसनेच लिहून ठेवलंय की परदेशी लोकांच्या एखाद्या गटाचं येणं देशहिताला बाधक वाटलं तर राष्ट्राध्यक्ष ते थांबवू शकतो किंवा अटी घालू शकतो. ती एक लाख डॉलरची फी म्हणजे त्या "अटी"तच बसवलेली.

काँग्रेस अधिकार परत का घेत नाही?

हा प्रश्न विचारलाच पाहिजे आणि याचं उत्तर बहुतेक बातम्यांत नसतं. १९७६ मध्ये काँग्रेसने आणीबाणीसाठी कायदा केला तेव्हा शहाणपणाने एक चावी स्वतःकडे ठेवली होती, दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की आणीबाणी संपली, राष्ट्राध्यक्षाला विचारायचं कारण नाही. पण १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका भलत्याच, इमिग्रेशनच्या केसमध्ये निकाल दिला की कायद्याचा परिणाम असणारी कुठलीही गोष्ट काँग्रेसला राष्ट्राध्यक्षाकडे सहीला पाठवल्याशिवाय करता येणार नाही. झालं, चावी गेली. आता आणीबाणी रद्द करायचा ठराव त्याच माणसाकडे सहीला जातो ज्याने ती जाहीर केली, तो व्हेटो करतो, आणि मग दोन तृतीयांश आणा. २०१९ मध्ये मेक्सिकोच्या भिंतीसाठी ट्रम्पने आणीबाणी जाहीर केली तेव्हा तंतोतंत हेच झालं, सिनेटमध्ये त्यांच्याच पक्षाची मंडळी फुटली, ठराव पास झाला, व्हेटो झाला आणि विषय संपला. म्हणजे अधिकार द्यायला साधं बहुमत पुरलं आणि परत घ्यायला दोन तृतीयांश लागतात. माझ्या मते ट्रम्पच्या स्वभावापेक्षा हा एक निकाल जास्त समजून घ्यायच्या लायकीचा आहे.

पैशाची चावी मात्र काँग्रेसने सोडलेली नाही. खर्चाला मंजुरी मिळाली नाही की सरकारी ऑफिसं बंद पडतात, १ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झालेलं असं शटडाऊन ४३ दिवस चाललं.

पण बॉम्ब टाकताना कुठे विचारतात?

बरोबर, नाही विचारत. युद्ध जाहीर करायचा अधिकार काँग्रेसचा आणि सैन्य चालवायचा राष्ट्राध्यक्षाचा, आणि काँग्रेसने रीतसर युद्ध शेवटचं जाहीर केलं १९४२ मध्ये. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान एवढं सगळं झालं, कधी काँग्रेसच्या मोघम परवानगीने तर कधी तिच्याशिवाय. व्हिएतनामने तोंड पोळल्यावर १९७३ मध्ये काँग्रेसने निक्सनचा व्हेटो उलटवून कायदा केला की सैन्य उतरवलं तर ४८ तासांत कळवा आणि परवानगी नसेल तर ६० दिवसांत आवरा. आवरायला आणखी तीस दिवसांची सूट. त्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष, दोन्ही पक्षांचे, कळवतात पण कायद्याने आम्ही बांधलेलो आहोत असं मान्य करत नाहीत. जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब पडले ते काँग्रेसच्या मंजुरीशिवायच. कोर्टं या भांडणात सहसा पडत नाहीत. त्यामुळे इथे कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरं अशी परिस्थिती आहे, उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही.

हटवता येतं का मग?

येतं, महाभियोगाने. हाऊस साध्या बहुमताने आरोप ठेवतं, सिनेट खटला चालवतं, सरन्यायाधीश अध्यक्षस्थानी बसतात आणि हटवायला दोन तृतीयांश लागतात. आत्तापर्यंत अँड्र्यू जॉन्सन, क्लिंटन आणि ट्रम्प (दोनदा) यांच्यावर आरोप ठेवले गेले, हटला कुणीच नाही. जॉन्सन १८६८ मध्ये एका मताने वाचले. निक्सननी आरोप मतदानाला यायच्या आधीच राजीनामा दिला.

यात आपला एक माणूस पण आहे. बेळगावात वाढलेले, मराठी बोलणारे श्री ठाणेदार मिशिगनमधून हाऊसवर निवडून आलेत, त्यांनी एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्पवर महाभियोगाचा प्रस्ताव मांडला होता. स्वतःच्या डेमोक्रॅटिक पक्षातच पाठिंबा मिळेना, मग मेमध्ये मतदानाचा आग्रह सोडून दिला. आकडे बघितले तर दुसरं काही होणार नव्हतं.

शिवाय जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की राष्ट्राध्यक्षाने संविधानाने दिलेले मुख्य अधिकार वापरून केलेल्या कृतीबद्दल नंतर त्याच्यावर फौजदारी खटला भरता येणार नाही, आणि बाकी सरकारी कामांनाही संरक्षण आहे असं गृहीत धरायचं. म्हणजे लगामाचा एक दोर आणखी सैल.

आता व्हाइस प्रेसिडेंट

पहिले व्हाइस प्रेसिडेंट जॉन अॅडम्स यांनी बायकोला पत्रात लिहिलं होतं की माणसाच्या कल्पनेने आजवर शोधून काढलेलं सगळ्यात क्षुल्लक पद माझ्या देशाने मला दिलंय. संविधान वाचलं तर त्यांचं फार चुकलं असं वाटत नाही. काम एकच लिहिलंय, सिनेटचा अध्यक्ष, आणि मत तेव्हाच जेव्हा बरोबरी होईल. आपले उपराष्ट्रपती राज्यसभेचे सभापती असतात ते यासारखंच, फरक एवढाच की आपले सी. पी. राधाकृष्णन (महाराष्ट्राचे राज्यपाल होते तेच) खरोखर सभागृह चालवतात, तिकडे व्हाइस प्रेसिडेंट बरोबरीची शक्यता असली की उगवतो. पण ते एक मत कधी कधी लई महाग असतं. बायडनच्या व्हाइस प्रेसिडेंट कमला हॅरिस यांनी अशी ३३ मतं दिली, हा विक्रम, आणि स्वतः बायडननी ओबामांचे व्हाइस प्रेसिडेंट असताना आठ वर्षांत एकही दिलं नाही. ट्रम्पचे व्हाइस प्रेसिडेंट जे. डी. व्हान्स यांच्या मतावर हेगसेथ संरक्षणमंत्री झाले, आणि १ जुलै २०२५ ला ट्रम्पचं ते अवाढव्य कर-आणि-खर्च बिल सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५० ने सुटलं ते पण त्यांच्याच मतावर.

बाकी बैठका, दौरे, अंत्यविधीला हजेरी वगैरे जे करतो ते सगळं राष्ट्राध्यक्षाने दिलं तर. ट्रुमन व्हाइस प्रेसिडेंट असताना त्यांना अणुबॉम्ब बनवला जातोय हेसुद्धा नीट सांगितलं नव्हतं. एप्रिल १९४५ मध्ये रूझवेल्ट गेले, ट्रुमन राष्ट्राध्यक्ष झाले, मग सांगितलं, आणि चार महिन्यांत हिरोशिमा.

राष्ट्राध्यक्ष गेला तर?

व्हाइस प्रेसिडेंटचं खरं वजन इथे. आपल्याकडे राष्ट्रपती गेले तर उपराष्ट्रपती तात्पुरता कारभार बघतात आणि सहा महिन्यांत नवी निवडणूक होते, १९६९ मध्ये झाकिर हुसेन गेल्यावर व्ही. व्ही. गिरींनी तसा कारभार पाहिला. तिकडे तो उरलेल्या पूर्ण टर्मसाठी राष्ट्राध्यक्षच होतो. असं नऊ वेळा झालंय, आठदा मृत्यूने आणि एकदा निक्सनच्या राजीनाम्याने.

पण हे आधी स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. १८४१ मध्ये हॅरिसन महिनाभरातच वारले, तेव्हा जॉन टायलर हे "हंगामी" की खरे यावर वाद झाला. टायलरनी सरळ शपथ घेतली आणि सांगितलं मी राष्ट्राध्यक्ष आहे. विरोधकांनी "अपघाती महाराज" छापाची नावं ठेवली, पण पायंडा पडला तो पडलाच.

मेला तर सोपं, आजारी पडला तर काय? १८८१ मध्ये गारफिल्ड गोळी लागून अडीच महिने अंथरुणाला होते, १९१९ मध्ये विल्सनना झटका आला आणि पुढचं जवळपास दीड वर्ष त्यांच्यापर्यंत काय पोचावं हे बरंचसं त्यांची बायको ठरवत होती, कायद्यात वाटच नव्हती. केनेडींच्या हत्येनंतर १९६७ मध्ये २५वी घटनादुरुस्ती आली. राष्ट्राध्यक्ष स्वतः पत्र देऊन थोड्या वेळासाठी अधिकार सोपवू शकतो, नोव्हेंबर २०२१ मध्ये बायडनना तपासणीसाठी भूल दिली तेव्हा कमला हॅरिसनी ८५ मिनिटं सांभाळलं. आणि तो मानत नसेल तर व्हाइस प्रेसिडेंट आणि निम्म्याहून जास्त मंत्री मिळून लिहून देऊ शकतात, पण त्याने "मी ठणठणीत आहे" म्हटलं आणि ते अडून बसले तर काँग्रेसला दोन तृतीयांशाने ठरवावं लागतं. हा मार्ग अजून एकदाही वापरलेला नाही, आणि व्हाइस प्रेसिडेंटशिवाय तो सुरूच होत नाही.

व्हाइस प्रेसिडेंटला निवडणुकीचा निकाल फिरवता येतो का?

नाही. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीनंतरच्या ६ जानेवारीला काँग्रेससमोर राज्यांकडून आलेली मतांची पाकिटं उघडायची एवढंच त्याचं काम. २०२१ मध्ये ट्रम्पने आपले तेव्हाचे व्हाइस प्रेसिडेंट माइक पेन्स यांच्यावर दबाव आणला की काही राज्यांची मतं नाकारा, पेन्सनी नाही सांगितलं, मग २०२२ मध्ये कायद्यातच लिहिलं की हे काम निव्वळ औपचारिक आहे. २००१ मध्ये अल गोर आणि २०२५ मध्ये कमला हॅरिस, दोघांनी स्वतःचा पराभव स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवला.

तिसरी टर्म, आणि आपली पोरं

२२व्या दुरुस्तीने दोनपेक्षा जास्त वेळा निवडून येता येत नाही, रूझवेल्ट चारदा निवडून आल्यावर ती आणली. मग कुणी विचारतं की व्हाइस प्रेसिडेंट होऊन मागच्या दाराने? १२वी दुरुस्ती सांगते की राष्ट्राध्यक्ष व्हायला अपात्र असलेला व्हाइस प्रेसिडेंटही होऊ शकत नाही. यावर "निवडून येणं" आणि "होणं" वेगळं असा कीस काढणारे वकील आहेत, पण कोर्टात हा डाव अजून कुणी खेळलेला नाही.

राहिली पात्रता. ठाणेदार हाऊसवर गेले, उद्या सिनेटवर जातील, पण राष्ट्राध्यक्ष किंवा व्हाइस प्रेसिडेंट कधीच होऊ शकत नाहीत, कारण त्यासाठी जन्माने नागरिक पाहिजे. अमेरिकेतच, एडिसन किंवा फ्रीमाँटसारख्या गावात, जन्मलेली मराठी पोरं होऊ शकतात, आईबाप तेव्हा एच-वन-बी वर असले तरी. ट्रम्पच्या २० जानेवारी २०२५ च्या ऑर्डरने नेमकं हेच बंद करायचा प्रयत्न केला, तात्पुरत्या व्हिसावरच्या जोडप्यांना पुढे होणाऱ्या मुलांना नागरिकत्व नाही म्हणून, आणि तीनच दिवसांत सिएटलच्या एका न्यायाधीशाने ती रोखली. आधी जन्मलेल्यांना त्या ऑर्डरचा काही धक्का नाही. त्यांना फक्त ३५ वर्षांचं व्हायचंय आणि १४ वर्षं तिथे राहून दाखवायचंय.